पाइपची तंबाखू आणि जास्वंदीवरचा मावा

मंगळवार, संध्याकाळ. अंथुर्णे

शेवटी मीच जिंकलो. जावईबापूंनी परदेशातून आणलेली पाइपची तंबाखू मला काही ओढवेना; त्या चेरीच्या वासानं मळमळायचं. फेकली असती तर लेक दुखावली असती. म्हणून परवा ती पाण्यात भिजवली, साबण कालवला आणि जास्वंदीवरच्या माव्यावर फवारली. शेजारचे तात्या कुंपणावरून हसले, "गुरुजी, झाडाला पाइप पाजताय व्हय?"

आज पानं उलटून बघितली. मावा साफ. तासाभरात तात्याच रिकामी बाटली घेऊन दारात. "थोडं पाणी उरलंय का? माझ्या गुलाबावर बी हाय मावा."

चेरीचा वास अजून हाताला आहे. आज का कोण जाणे, बरा वाटतोय.

मघाशी जावईबापूंचा फोन. "मामा, तंबाखू आवडली का?"

खोटं कशाला बोलू? "फार गुणाची निघाली," म्हटलं. "पुढच्या खेपेला दोन डबे आणा."