अजानच्या आधीचा समुद्र

बाबा, इथली बहरीनची आपली वाहिनी आता सरकारी राहिलेली नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगून ते कळतच नाही. इमारत तीच, माझी खुर्ची तीच, फक्त पैसा आता जाहिरातींतून यायचा आहे. स्टुडिओच्या भिंतींना केशरी रंग दिलाय. मला वाईट वाटायला हवं. कधी वाटतं, कधी तो रंग चक्क छान दिसतो आणि मग माझाच मला राग येतो.

अडलंय ते तुमच्या समुद्रापाशी. अजान लागण्याआधी तुम्ही पडद्यावर काही क्षण नुसता समुद्र दाखवायचात, ना आवाज, ना अक्षरं. तुमच्या हाताखाली नवा असताना मी तिथे एका मालिकेची झलक चिकटवली होती. त्या संध्याकाळी झिंजमधल्या आपल्या घराच्या अरुंद स्वयंपाकघरात तुम्ही बांगडे साफ करताय आणि माझ्याकडे न बघता बोलताय, "माणसाला हातातलं खाली ठेवायला वेळ लागतो. तेवढा द्यावा." गावाकडे दिवेलागणीला आजी रेडिओ बारीक करायची, तसंच हे, असंही म्हणालात. रत्नागिरीचा माणूस दुसऱ्याच्या प्रार्थनेची एवढी बूज राखतो, याचा मला फार अभिमान वाटला. तो समुद्र मी आजही रोज लावतो.

गेल्या आठवड्यात जाहिराती विकणारे नवे साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले. "भाई, ये जगह खाली क्यों जा रही है?" खजुराच्या एका कंपनीला ती हवी होती. मी म्हटलं, ती रिकामी नाही. मग तिथे काय आहे, असं त्यांनी शांतपणे विचारलं, आणि मी रविवारपर्यंत वेळ मागून घेतला. समुद्र दाखवायलाच हवा असा नियम कुठेच नाही.

म्हणून उम्म अल हस्समला गेलो, तुमच्याबरोबर शिफ्टला असायचे त्या बहरिनी काकांकडे. मला त्यांचा आधार हवा होता. ते पोट धरून हसले. म्हणाले, "मशीन पुराना था. अजान का टेप चलने को टाइम लगता था. तुम्हारा बाप बोला, तब तक समुंदर लगाओ. खलास." प्रार्थनेबद्दल तुम्ही काही बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग त्यांनी चहा पाजला, तुमची खूप आठवण काढली.

मग ते स्वयंपाकघरातलं काय होतं, बाबा? मी चुकलो म्हणून तिथल्या तिथे रचलंत? की सुरुवात मशीनमुळे झाली आणि कारण तुम्हाला मागाहून सुचलं? टेप कधीच गेल्या, संगणकाला थांबावं लागत नाही. इतकी वर्षं मी नक्की काय जपतोय, तेच कळेनासं झालंय.

रविवारी साहेबांना उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "सर, सिस्टम को उतना टाइम लगता है." त्यांनी मान डोलावली आणि खजूरवाल्यांना दुसरी जागा दिली. मशीनशी कोण वाद घालणार? धडधडीत खोटं बोललो, जीभ जराही अडखळली नाही. समुद्र तूर्त वाचला. पण तुम्ही खोटं कुणाशी बोलला होतात, काकांशी की माझ्याशी, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्ही आज समोर असतात, तरी मी विचारलं नसतं. तुमच्या उत्तराची मला भीती वाटते.