आईंची पुण्याची बॅग

भय्यासाहेब भाऊजी,

नमस्कार लिहायची इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

आईंना न्यायला येतो, असं तुम्ही पुण्याहून महिनाभर फोनवर सांगत होता. तुमच्या आई आता सगळं विसरतात, पण हे विसरल्या नाहीत. ठरल्या दिवशी त्या तयार होऊन बसल्या आणि तुमचा मेसेज आला, "अभी जमणार नाही, पुढं बघू."

तेव्हापासून त्या रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर बॅग घेऊन दाराशी बसायच्या. "तो येऊन राहिला," म्हणायच्या. मी म्हणायची, "गाडी लेट आहे, आई." दुपारी त्या जेवायच्या नाहीत आणि माझ्यावर ओरडायच्या, तुमच्यावर नाही.

आज मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "ते येणार नाहीत."

"काहून?"

"मला नाही माहीत, आई."

त्या खूप रडल्या. मी बॅग उचलून आत ठेवली, त्यांचा हात धरला आणि इथल्या गढ्याच्या भाजीबाजारात नेलं. त्यांनी मेथी निवडून घेतली, भाजीवाल्याशी भांडल्या, घरी येऊन पोटभर जेवल्या. उद्याही जाऊ.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही कारणं सांगून सफाई द्याल, आणि ती मला ऐकायची नाही. यापुढं फोन मीच उचलीन. 'येतो' हा शब्द त्यांच्या कानावर पडू देणार नाही.

तुमच्या आईंची सून,
माधवी