रंग वाळला की खुलतो

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.३०
चतुर्थीला तेवीस दिवस. संकल्प तीन. एक, चहात साखर बंद. दोन, कारखान्यात आवाज चढवायचा नाही. तीन, रोज निदान पाच मूर्तींची आखणी स्वतः करायची. अंग कोणीही रंगवील, पण आखणी म्हणजे डोळे, आणि भोईवाड्यात आमचं नाव डोळ्यांवर आहे. वडील काढायचे, मी काढतो. गुणाजी बावीस वर्षं माझ्या हाताखाली आहे म्हणून त्यालाही काढू देतो.

एक शोध नोंदवून ठेवतो. संध्याकाळी डोळे काढून उठतो तेव्हा मनासारखे वाटत नाहीत. सकाळी दहाला येऊन बघावं तर जिवंत. रंग वाळला की खुलतो. दोन वर्षं बघतोय. हे वडिलांनाही माहीत नव्हतं.

ट्यूबलाइट मंद आहे. इलेक्ट्रिशियनला तिसऱ्यांदा सांगितलं. तो म्हणतो नवीच आहे. या डायरीच्या रेघाही फिकट छापल्यात. पुढच्या वर्षी दुसरं दुकान.

५ ऑगस्ट. दुपारी १
जेवायच्या आधी हे लिहून काढतो.

सकाळी सव्वादहाला कामावरचा हितेंद्र मूर्तींवर रंगाचा स्प्रे मारत होता. त्याच्या मोबाइलवरून स्पीकरला आरत्या लावलेल्या. गुणाजीचा पत्ता नव्हता, आईला दवाखान्यात नेणार होता. समोर गिऱ्हाईक उभं, पाट द्यायला आलेलं. आमच्याकडे ज्याचा त्याने आपला पाट आणून द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर बसते. मी पाटावर खडूने नाव घालत होतो. आरती थांबली आणि स्पीकरमधून गुणाजीचा आवाज आला. मालवणीत, अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा.

हित्या, थेरड्याक कायएक दिसना नाय, तरी ब्रश घेऊन उभो रवता. काल परबांचो गणपती चकणो करून ठेवल्यान.

एवढं झालं आणि हितेंद्रने बंद केलं. गुणाजीने त्याला सकाळी लवकरच व्हॉइस नोट पाठवली होती, ती ह्याने तेव्हा उघडली. ह्याने आपल्या कानाला मोबाइल लावला आणि आवाज स्पीकरमधून आला. गिऱ्हाईक पाटाकडे बघत राहिलं.

थेरडा! मी सदुसष्टचा आहे.

हितेंद्रकडे मोबाइल मागितला. म्हणाला, अण्णा, खाजगी आहे. माझ्या कारखान्यात, माझ्या स्पीकरवर, आणि खाजगी.

ता. क. परबांच्या गणपतीचे डोळे आज अजून खुललेले नाहीत. हवा दमट आहे.

६ ऑगस्ट. सकाळ
सूनबाईंचा सल्ला घेतला. आकांक्षा लोअर परळच्या एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. विचारलं, तुमच्याकडे असं झालं तर काय करतात? म्हणाली, मागच्या वर्षी ग्रुपवरच्या चॅटवरून दोघांना काढलं. एकाला काढलं ते बरोबरच झालं, हाताखालच्या मुलीबद्दल घाण लिहायचा. दुसऱ्याने फक्त साहेबाला शिव्या दिल्या होत्या, मित्राला, घरून. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो म्हणाली. मालकाने नोकराला बोलणं आणि नोकराने मालकाला बोलणं एका मापाने मोजायचं नसतं म्हणाली. आणि वर, बाबा, आधी ती नोट पूर्ण ऐका.

मला शिकवते. फुकटची शहाणी, नाकातून बोलते. माणसं काढायचा पगार घेते आणि सासऱ्याला माणूस काढू नका म्हणून सांगते. भाकरी थापायची वेळ आली की हिची मीटिंग असते. लग्नाला चार वर्षं झाली, घरात पाळणा नाही, लॅपटॉप दोन आहेत. राजेशने काय बघून केली कोण जाणे. तोंडावर मी कधी बोललो नाही. बोलणारही नाही. मनातलं मनात ठेवायचं असतं, हे गुणाजीला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

निर्णय: रीतसर इन्क्वायरी.

७ ऑगस्ट. दुपारी ३
इन्क्वायरी झाली. टेबल नाही म्हणून पिंपावर फळी टाकली. मी खुर्चीत, गुणाजी उभा, साक्षीदार हितेंद्र.

विचारलं, शब्द तुझा का? हो म्हणाला. थेरडा म्हणायला नको होतं, चुकलं, पाया पडतो म्हणाला. मी म्हटलं, आणि बाकीचं? नंतर म्हणाला, बाकीचं हितेंद्रला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. म्हणजे अर्धीच माफी. अर्धी माफी मी धरत नाही.

मग उलटला. म्हणाला, अण्णा, बावीस वर्षं तुम्ही मला गाढव म्हणता, आंधळ्या म्हणता, माझ्या बापाचं नाव घेता, गिऱ्हाइकांसमोर. मी कधी नोटीस दिली? मी त्याला फरक समजावून सांगितला. मी तोंडावर बोलतो, मागून नाही. तो म्हणाला, तुम्हाला तोंडावर बोलायची सोय आहे.

हे मात्र डोक्यातून जात नाही. उद्धटपणाच म्हणायचा.

आवाज एकदाच चढला. आजचे चहा चार, त्यातले बिनसाखरेचे दोन.

८ ऑगस्ट, शुक्रवार
काढलं.

पत्र तीन पानी. राजेशने टाइप करून दिलं. अक्षर मोठं ठेवायला सांगितलं, गुणाजीला वाचायला सोपं जावं म्हणून. त्याने न वाचताच घडी घातली. आपला बारीक ब्रश शर्टाच्या खिशात ठेवला. जाताना एवढंच म्हणाला, रमाबाईंचा पाट खिडकीजवळ आहे, त्यांच्या गणपतीचे डोळे कोणाकडून तरी नीट करून घ्या.

कोणाकडून तरी!

राजेशची आई जेवताना म्हणाली, ऐन सीझनमध्ये काढलेल्या कारागिराला दुसरा कारखाना दारात उभा करत नाही, चोरी केली असेल असं समजतात. मुलगी त्याची बारावीला आहे म्हणाली. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. तिने पानात आमटी वाढली नाही, मला मागून घ्यावी लागली.

१० ऑगस्ट
बिनडोळ्यांच्या मूर्ती चौसष्ट. दिवस सोळा. रोज चार म्हटलं तरी आरामात. उगाच घाबरलो होतो.

आज झाल्या दोन.

११ ऑगस्ट
डोळ्यांच्या डॉक्टरची आजची अपॉइंटमेंट पुढे ढकलली. माझे डोळे दाखवत बसलो तर गणपतींचे कोण काढणार? रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, अण्णा, पाचव्यांदा ढकलताय. फोनवर मोजदाद करायची सवय वाईट.

१३ ऑगस्ट. सकाळी १०
काल काढलेले डोळे खुलले नाहीत. परवाचेही नाहीत. रंगाची कंपनी बदलली असणार. दुकानदाराला फोन केला. तो म्हणतो, तोच डबा, तोच नंबर. खोटं बोलतो.

पेणला एका आखणीवाल्याला फोन केला. म्हणाला, या दिवसांत? आणि हसायला लागला. ठेवून दिला.

१४ ऑगस्ट
अर्णव म्हणून एक तरुण गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं. बराच वेळ वाकून बघितल्यावर विचारलं, काका, यंदा नवीन स्टाइल केलीत का? मी म्हटलं, होय. म्हणाला, वेगळंच वाटतं. फोटो न काढता गेला. हल्लीची मुलं कशाचेही फोटो काढतात, देवाचा काढत नाहीत.

हितेंद्र तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. आरत्याही लावत नाही.

१७ ऑगस्ट. दुपारी
हितेंद्र म्हणाला, अण्णा, गुणाजीला न विचारता एक करतोय, ती नोट तुम्हाला पाठवतो, पुढची ऐका. आणि माझ्या मोबाइलवर पाठवून मोकळा झाला. आहे ती. पस्तीस सेकंदांची. मी उघडली नाही. माणसाने काही नियम पाळावेत. दुसऱ्याचे खाजगी मेसेज मी ऐकत नाही.

१९ ऑगस्ट
कळलं की गुणाजी कॉटन ग्रीनला एका गोदामात माल मोजायला जातो. आखणीचा हात, आणि पोती मोजतो. मला आनंद व्हायला हवा होता.

रोजच्या मूर्ती आता सहा करतोय. वेग वाढला की हात मोकळा होतो, असं वडील म्हणायचे. बहुतेक म्हणायचे.

२२ ऑगस्ट
पाटावरची नावं कोणी इतकी बारीक लिहिली? खडूने, माझ्याच हाताने. हितेंद्रला वाचायला बसवलं. त्याने सगळी वाचली, शेवटी म्हणाला, अण्णा, मी सहा-सात मूर्तींचे डोळे पुसू का? मी काढीन जमेल तसे. मी विचारलं, का? त्याने पुसायचा फडका उचलला. मी म्हटलं, तू स्प्रे मार. आवाज चढला. दोनदा चढला.

साखरेचा संकल्प चतुर्थीनंतर नव्याने. मोदकांच्या दिवसांत अर्थ नाही.

२५ ऑगस्ट
चौसष्ट पूर्ण. एकट्याने. आकांक्षाला सांगितलं. छान म्हणाली, मग विचारलं, नोट ऐकलीत का? या मुलीला दुसरं काही सुचत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळी ६
आज बाप्पा न्यायचा दिवस. सकाळपासून गर्दी. नेहमी गिऱ्हाईक मूर्ती हातात घेतं आणि आधी तोंडाकडे बघतं. आज बघायचे आणि पटकन रुमाल टाकायचे. बरं वाटलं, लोकांना हल्ली घाई फार.

चारला रमाबाई आल्या, नातसुनेला घेऊन. वय ब्याऐंशी, माझ्या वडिलांपासून आमच्याकडचाच गणपती. स्टूल मागून घेतलं आणि मूर्तीसमोर बसल्या. मग म्हणाल्या, रमाकांत, हा माझ्याकडे बघत नाही रे.

मी म्हटलं, रमाबाई, मोतीबिंदू झाला असेल. म्हणाल्या, माझं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली.

स्टूल उजवीकडे सरकवलं. मग डावीकडे. मग भिंतीला लावलं आणि म्हणाल्या, इथून एक डोळा बघतोय. नातसून म्हणाली, काका, दुसरी आहे का? रमाबाईच म्हणाल्या, नको, आलेल्या देवाला परत कसं पाठवायचं, आपण मखर तिरकं लावू. गुणाजी कुठे दिसत नाही, बरा आहे ना, असंही विचारलं. मी म्हटलं, सुट्टीवर आहे.

त्या गेल्यावर त्यांचं स्टूल तिथेच भिंतीजवळ राहिलं. मी त्यावर बसलो. समोर शेवटच्या चार मूर्ती होत्या. हितेंद्रला विचारलं, कुठे बघतायत रे? तो म्हणाला, अण्णा, आज नको.

२७ ऑगस्ट. चतुर्थी. दुपारी ४
घरची पूजा झाली. घरच्या मूर्तीचे डोळे मीच काढलेले. आरतीला सगळे खाली बघत होते. आकांक्षाने मोदक वाढले, एकवीस तिने एकटीने वळले होते, हे आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

मग गॅलरीत जाऊन ती नोट लावली. पस्तीस सेकंद. पहिला भाग ओळखीचा. पुढे हे.

आज माका उशीर होतलो. तो दहाक येतलो, त्याच्या आधी तू डोळे पुसून ठेव, मी येऊन परत काढतंय. त्येका कळता नये. दोन वर्सां सांभाळलंय, ह्यो सीझन पण जायत. कळला तर म्हातारो दिवसभर बोंबलत बसतलो, आणि मग जेवचो नाय.

तीनदा ऐकली. थेरडा शब्द तिन्ही वेळा होता. तो काही गेला नाही. बाकीचंही गेलं नाही.

दोन वर्षं. म्हणजे रंग वाळून खुलत नव्हता.

गुणाजीला लिहायला बसलो. अक्षरं जमेनात, म्हणून व्हॉइस नोट केली. पहिलीत ट्यूबलाइटवर बोललो, पुसली. दुसरीत दुकानदाराच्या रंगावर बोललो, पुसली. तिसरीत म्हटलं, गुणाजी, मला दिसत नाही. ये. तेवढीच पाठवली.

३० ऑगस्ट, शनिवार. दुपार
हे अक्षर माझं नाही. आज डॉक्टरकडे गेलो. थेंब घातलेत, संध्याकाळपर्यंत सगळं पांढरं. साखर दोन्ही डोळ्यांत मागच्या पडद्यापर्यंत गेलीय म्हणाले. गेलं ते येणार नाही, उरलंय ते राखू. मी सांगतोय आणि आकांक्षा लिहितेय. ऑफिसला रजा टाकून आली होती.

आजचं पान सापडावं म्हणून तिने डायरी पहिल्यापासून चाळली. मी म्हटलं, मागचं वाचू नकोस, खाजगी आहे. ती म्हणाली, बाबा, सहा तारीख वाचून झाली.

खाली कोणाकडे तरी आरती चालू होती, ती संपली. शेवटी मीच विचारलं, आता काढणार का मला? हेही लिही म्हटलं.

ती म्हणाली, पुढे सांगा.

पुढे एवढंच. मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, गुणाजीने माझी नोट ऐकली का बघ, खूण निळी झालीय का ते मला कळत नाही. तिने बघितलं. म्हणाली, चतुर्थीलाच ऐकलीय, पाठवल्यावर पाच मिनिटांत. उत्तर नाही.