टेबलाची फट बुजवू नये

मी लव्हॉन एनोस श्लाबाख, वय चोवीस, शिक्षण आठवी, मूळ राहणार शिप्शेवानाजवळ, इंडियाना, सध्या कोडियाक, अलास्का इथे खेकड्यांच्या बोटीवर कामाला. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कुणी लिही म्हणून मागे लागलेलं नाही. उद्या बोट निघते. परत आलो नाही तर माझ्या वस्तूंचं खालीलप्रमाणे करावं.

एक. माझा जाड कोट आचारी रोहेलियोला. तसाही तोच घालतो.

दोन. माझी पिकअप गाडी बहीण व्हर्नाला. आम्ही आमिश पंथाचे ख्रिस्ती, तिला धर्माने मोटार चालवायची मनाई आहे, तेव्हा विकून घोडा घ्यावा. मागच्यासारखा पूल दिसला की अडणारा नको.

तीन. शिप्शेवानाचा ट्रेलर-डीलर वॉल्डो रीगर याच्या आवारात मागच्या कुंपणाशी एक घडीचा ट्रेलर आहे, मोटारीमागे ओढायचा, आत राहता येईल असा. तो वडिलांनी बनवला, मी माझ्या पगारातून विकत घेतला. पावती व्हर्नाकडे आहे. आमच्यात चर्चची इमारत नसते, प्रार्थना पाळीपाळीने घरोघरी होते. बाकं पाय दुमडून घोडागाडीतून दर खेपेला नव्या घरी जातात. त्या पायांवरून वडिलांना हा ट्रेलर सुचला. भिंती आडव्या झोपलेल्या असतात, उचलल्या की खोली.

घर सोडल्यावर मी रीगरकडे गिऱ्हाइकांना ट्रेलर दाखवायच्या कामाला लागलो. हे कळल्यावर वडिलांनी हा तिथे पाठवला. रीगरने एवढा एकच ठेवून घेतला.

"आणखी मागवा की," मी म्हणायचो.

"अरे बाबा, बंद असला की ही नुसती पेटी. पेटीपुढे कोण थांबतं? उघडायला तू अर्धा तास घेणार, त्यात वारा सुटणार. तेवढ्या वेळात मी साधे दोन विकतो. बिजागरी तुटली तर दुसरी कुठून आणू? तुझ्या बापाकडे साधा फोन नाही." मग आतल्या टेबलावर बोट ठेवायचा. "आणि ही मधली फट बघ. चमचा पडतो त्यातून. तुझ्या बापाला विचारलं, तर म्हणे लाकूड फुगतं. किती फुगणार, पाव आहे का ते?"

गिऱ्हाइकं हसायची. मीही हसलो आहे, ते इथे लिहून ठेवतो.

बाप्तिस्मा घेऊन मग मी चर्चची मंडळी सोडली, म्हणून वाळीत आहे. वडील माझ्या हातून काही घेऊ शकत नाहीत, माझ्यासोबत एका टेबलावर जेवू शकत नाहीत. मी घरी गेलो की आई दोन टेबलं शेजारी लावते, मध्ये बोटभर फट ठेवते आणि वरून एकच कापड पसरते. नियम राहतो आणि ताटंही जवळ राहतात.

हा ट्रेलर वडिलांनी मी गेलो त्याच हिवाळ्यात बनवला. दोन वर्षं तो रोज उघडला तरी ती फट कशासाठी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इथे धुक्यात पिंजरे ओढताना आलं. तेव्हापासून पाण्यावर त्याच्या भिंती हळूहळू उभ्या राहताना दिसतात, आत कंदील, कापडाखाली टेबल. रोहेलियो "ए झोपाळू, दोर धर" म्हणतो, की सगळं पुन्हा घडी होऊन धुक्यात जातं.

तेव्हा ट्रेलर वडिलांना. कुणी त्यांच्या हातात काही देऊ नये. रीगरने ओढून आमच्या कुरणात न्यावा, उघडून ठेवावा आणि निघून जावं. बंद ठेवला तर तेही पेटी समजून पुढे जातील. टेबलाची फट कुणी बुजवू नये.

कॅप्टन वाचून म्हणाले, "फटीचं दोनदा लिहिलंयस." राहू दे.

चार. जिवंत परतलो तर हा कागद फाडावा. ट्रेलर मीच ओढून आणेन आणि कुरणात उघडेन. आईने एक कापड तयार ठेवावं. टेबल लहान आहे.

सही: लव्हॉन ए. श्लाबाख

साक्षीदार: अर्ने टॉर्गरसन, कॅप्टन
रोहेलियो मगबानुआ, आचारी (कोट मिळणार असला तरी खरंच सांगतो)

कोडियाक, ९ जानेवारी २०१९