घाटातली बोलायची पाळी

आई, तुझ्या थोरल्या लेकीचा, झिपारचा सलाम. मी सुखरूप आहे, वेळेवर जेवते.

घाटरस्त्यात पुरलेली, रस्त्यावरचा धोका हेरणारी आमची यंत्रं बॅटरी वाचवायला पाळीपाळीनं संदेश धाडतात, मग ड्रायव्हरांसाठी धोक्याचा दिवा लागतो. पाळ्या मीच लावल्या, आपल्याकडे जेवणाच्या बैठकीत बोलतात तशा: वर मानाच्या जागेवरचा थोरला आधी, दाराजवळचा धाकटा शेवटी. आज शेवटच्या वळणावर मेंढ्या आल्या. तिथल्या यंत्राला त्या दिसल्या, तरी ते पाळीची वाट बघत गप्प बसलं! मेंढ्यांना वाचवताना ट्रक उलटला. ड्रायव्हर वाचला. म्हणाला, "बाई, मी खड्ड्यात पडल्यावर दिवा लावलात, माझं तोंड बघायला का?"

आता ज्या यंत्राला धोका दिसेल, ते आधी बोलेल.

धाकटी सून मेरिम हल्ली जेवत नाही, गप्प असते, असं तू लिहिलंस. दाराजवळ चहा ओतत बसते ना ती? आई, आता जेवताना तिला सगळ्यांच्या आधी बोलू दे.

तुझी,
झिपार