एका बायकोचा नवरा

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
दसऱ्यानंतरचा सोमवार, सन १९१८

राजमान्य राजेश्री नागोजीराव मेहुणे यांचे सेवेशी,

वेंकोजीरावाचे दोन्ही हात जोडून. (रामराम लिहावा तर आमचे पाद्रीसाहेब नाराज होतात, सलाम लिहावा तर आपण, म्हणून नुसते हात जोडले आहेत, त्यांत आपल्याला रुचतील ते शब्द घालून घ्यावेत.) आपली तब्येत, वहिनींचे गुडघे, आपल्या कोटे गावाकडचं भात आणि त्या भातात उतरणारे हत्ती, सगळ्यांची खुशाली कळवावी. आम्ही ख्रिस्ती झालो त्या दिवशी आपण माझ्या आणि आपल्या बहिणीच्या नावाने आंघोळ करून मोकळे झालात, हे मी विसरलेलो नाही. मेलेल्या मेहुण्याचं पत्र फोडायला छाती लागते. आपण शिलेदारांच्या रक्ताचे, म्हणून धीर केला. आपली बहीण अंबुबाई खुशाल आहे.

इकडे तापाने कहर मांडला आहे. डॉक्टर त्याला इन्फ्लुएंझा म्हणतात. नाव कळल्याने कोणी बरा झाल्याचं मात्र ऐकिवात नाही. आमच्या मंडळीचे (म्हणजे आम्हा इथल्या ख्रिस्ती लोकांच्या समाजाचे, बरीच कानडी, काही तमिळ आणि आमच्यासारखी दोन-चार मराठी घरं) पाळक अरुळप्पा लोकांना माती देता देता स्वतःच मातीत गेले. शवपेट्या करणारा सुतार त्यांच्या आधी गेला, त्यामुळे पाळकांनाही चटईच मिळाली. आमच्यात रीत अशी की मयताच्या पुढे मंडळीचा वडील माणूस (हे पद आहे, वय नव्हे, आणि तेही अरुळप्पांकडेच होतं) प्रार्थना म्हणत चालतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. आता पुढे चालायला कोणी नाही आणि मागून यायलाही कोणी नाही. शेवटी मी पागेतली वैरणीची गाडी काढली. (पागेत दाणावैरण बघणं हेच माझं काम, त्यामुळे गाडी कोणाला मागावी लागली नाही.) घोडी पहिल्या दिवशी बिचकली, मग सरावली. मीही सरावलो. पुढे चालायचं म्हणजे प्रार्थना म्हणायची, आणि मला तर निम्म्याच येतात. एका तमिळ म्हातारीच्या खड्ड्यापाशी घाईघाईत माझ्या तोंडून जेवणाआधीची प्रार्थना निघून गेली, समोर वाढलेल्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानणारी. तिच्या मुलांनी डोळे पुसत आमेन म्हटलं. मला त्या जागी हसू आलं आणि घरी आल्यावर रडू आलं. बायकांची प्रेतं धुवायला दुसरं कोणी धजेना, तेव्हा ते काम अंबुबाईने आपण होऊन उचललं. धाकटी अनुसूया पोरांपाशी घरी असते.

असा सगळा आनंद चालू असताना आमच्या पंचकमिटीला मंडळीचा नवा वडील नेमायची आठवण झाली. नावं दोन. पहिलं गुंडुराव हेडमास्तरांचं. आमच्या शास्त्रात पौलाने वडील माणसासाठी ज्या अटी घालून दिल्या आहेत त्या गुंडुरावांना शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारख्या बसतात. दारूला शिवत नाहीत, भांडत नाहीत, एका बायकोचे नवरे आहेत आणि घर नीट चालवतात. घर तर इतकं नीट चालवतात की ताप सुरू झाल्यापासून त्यांनी ते सोडलेलंच नाही. वैरणीची गाडी त्यांच्या दारावरून जाते तेव्हा खिडकी उघडते, प्रार्थना बाहेर येते (अगदी पाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही) आणि खिडकी मिटते. दुसरं नाव माझं. मी तपकीर ओढतो, घोड्यांना शिव्या देतो, एकदा मयताच्या गाडीवर बसूनही दिल्या आहेत. तेवढं कमिटी पोटात घालायला तयार होती. पण माझ्या दोन बायका. आपल्याला माहीतच आहे, अंबुबाईची कूस उजवेना तेव्हा तिनेच हट्टाने आपल्या मावसघरची अनुसूया माझ्या गळ्यात बांधली. बाप्तिस्म्याच्या वेळी साहेबांनी पुष्कळ विचार करून तिघांनाही पाणी दिलं, आणि पद मात्र कधी मिळणार नाही असं तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

माझी बाजू घ्यायला आमचे पेन्शनर हवालदार भुजंगराव उभे राहिले. त्यांनी दाविदापासून सुरुवात केली. दाविदाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे धाडून मारवलं, तरी तो देवाचा लाडका राजा. मोशेच्या हातून माणूस मेला होता. पेत्राने तर ऐन वेळी आपल्या धन्याला ओळखच दाखवली नाही, आणि पुढे त्याच्याच हाती मंडळी सोपवली. इथवर छान चाललं होतं. पण हवालदारांना बोलायचा जोर चढला आणि त्यांनी शलमोनाच्या बायका काढल्या. त्या शेकड्यांनी. तिथे माझा खटला बुडाला. गुंडुराव शांतपणे म्हणाले, "दाविदाला राजा व्हायला आपल्या कमिटीची मंजुरी नको होती." (या सभेपुरते ते घर सोडून आले होते, पण चर्चच्या अंगणाच्या फाटकाबाहेर उभे राहून, नाकाला रुमाल लावून सभेत भाग घेत होते.)

पाद्रीसाहेबांचं म्हणणं मी तोडूनमोडून सांगणार नाही, कारण ते मूर्ख नाहीत. ते म्हणाले, क्षमा सगळ्यांना आहे, कन्नंबाडीच्या धरणाचं पाणी जसं सगळ्या शेतांना मिळणार आहे. पण धरणाच्या दारावर कोणाला बसवायचं ते बघूनच ठरवावं लागतं. देव मोडक्या माणसाकडून काम करून घेतो, ही देवाची दया झाली; ती त्या माणसाची लायकी नव्हे. पुढे चालणाऱ्याचं पाऊल मागचे उचलतात, उद्या पोरंसोरं तुमच्या घराकडे बोट दाखवतील. नागोजीराव, आपण दोघंही रिसाल्यात वाढलो. वाकड्या सरदाराच्या मागे सगळा रिसाला वाकडा जाताना आपण पाहिला आहे, म्हणून मला हे पटलं. मी एवढंच विचारलं, की जो पुढे चालतच नाही त्याचं पाऊल कोणी आणि कसं उचलायचं. साहेबांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, मी कोणालाही बायको टाकायला सांगत नाही, पण अट ती अट, काय ते कमिटीने बघावं. कमिटीने बघितलं. अनुसूयाला पोरं आहेत, तिला कुठे घालवणार? अंबुबाईला कोणी नाही. भिंतीशी बायका बसल्या होत्या, त्यांतून अंबुबाई उठली आणि म्हणाली, "होगली, जाऊ द्या. मी जाते. लोकांना माती देणारा माणूस पाहिजे." कमिटीने तिच्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर केला. टाळ्या वाजवाव्यात की नाही यावर थोडा मतभेद झाला.

आणि खरं सांगायचं तर मला ते पद हवं आहे. लोकांच्या पुढे चालायची सवय लागली आहे, आणि ती हक्काने करावीशी वाटते. यात दाविदाचा दोष नाही, माझाच आहे.

वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ होता तेवढा तरी असावा.

आपला,
वेंकोजीराव

ता. क. एवढं लांबण ज्यासाठी लावलं ते लिहायचं राहूनच गेलं. आपली बैलगाडी येत्या रविवारी कोटे नाक्यावर पाठवावी. अंबुबाईचं सामान फार नाही, एक पेटी आणि एक पाटावरवंटा. आपल्या लेखी ती मेली आहे हे मी जाणतो, तेव्हा तिला स्वयंपाकघरात घ्यावं असं म्हणत नाही. गोठ्याशेजारची खोली दिलीत तरी ती कुरकुर करणार नाही. गुरांचं तिला चांगलं कळतं.

ता. क. पुन्हा. पत्र नेणारा गाडीवान तापाने पडल्यामुळे पत्र अजून घरीच आहे. अंबुबाईने ते मला वाचून दाखवायला लावलं. म्हणाली, "सुम्ने, सहज एक विचारते. मी गेले म्हणजे तुम्ही एका बायकोचे नवरे कसे होता? एक टाकलेले नवरे होता. ते चालतं काय पौलाला?" मी म्हटलं, मग जाऊ नकोस. ती म्हणाली, मग माती कोण देणार? आणि कमरेला पदर खोचून गुंडुरावांकडे गेली. त्यांच्या आईला ताप आला आहे आणि त्या खोलीत जायला घरचं कोणी तयार नाही. आपण गाडी पाठवावी की नाही, ते मी विचार करून कळवतो.

ता. क. शेवटचं. गाडी पाठवू नये. गुंडुरावांची आई वाचली. अंबुबाईने अंथरूण धरलं आणि दोन दिवसांत संपली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं, अनुसूयाच्या मांडीवर डोकं होतं. तिला धुवायला बाई मिळाली नाही. अनुसूयाने आणि मी मिळून धुतलं, वैरणीच्या गाडीत ठेवलं आणि मी पुढे चाललो. कोपऱ्यावर गुंडुराव उभे होते, घराबाहेर, नाकाला रुमाल नव्हता. ते रडत होते, आणि खरं रडत होते, हे मी नाकारत नाही. त्यांनी प्रार्थना म्हटली ती सगळी खड्ड्यापर्यंत आमच्याबरोबर चालत म्हटली. परत येताना त्यांनी कमिटीचा निरोप सांगितला. देवाने आपल्या हाताने अडचण दूर केली आहे, आता शास्त्राप्रमाणे कसलीही हरकत उरलेली नाही, माझी नेमणूक एकमताने झाली आहे. त्यांनी अतिशय मायेने सांगितलं, त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. मी उलट निरोप धाडला आहे की कमिटीची मोजण्यात चूक झाली. मी अजून दोन बायकांचा नवरा आहे. एक घरात पोरांना भात भरवते आहे, दुसरीला मी आत्ताच ठेवून आलो.