उसापलीकडची हाक

अंथुर्णे,
५ जानेवारी २०२५

प्रिय राजलक्ष्मीताई,

तुला आणि यशराजदाजींना नमस्कार. ‘दाजी’ पहिल्यांदाच लिहिलं, पण हात अडखळला नाही. तुझा पत्ता सारजामावशीनं दिला. नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, “तिनं न्हाय म्हणून सांगितलंय.” म्हणून हे कागदावर.

इकडे उसाला तुरे आलेत. सकाळी धुक्यात नुसते तुरेच दिसतात, खाली जमीन नसल्यासारखे तरंगत. तोडणीची टोळी अजून आली नाही. पदवी हातात पडली आणि मी बारामतीत एका छोट्या ऑफिसात वेबसाईट बनवायला लागले. आई गावभर सांगते, “आमची वृषाली काम्पुटरला शिकवती!”

तुझ्यासाठी मी एक वेबपान बनवलंय. त्यात आईच्या हाका आहेत. बांधावरून मारलेली, जेवायला बोलावणारी, रागावलेली. आठवतं, वाढलेल्या उसात कुणी कुणाला दिसायचं नाही आणि आपण नुसत्या तिच्या हाकेच्या रोखानं बाहेर यायचो? त्या सगळ्या दाबून एकच लहानशी फाईल केली. तू बटण दाबलंस की सर्व्हरवरची माझी स्क्रिप्ट ती तुझ्याकडे पाठवील. आवाज घोगरा वाटला, तर इकडे थंडी फार आहे.

आई आधी तयारच नव्हती. “यंत्रात हाक मारायची? आन ओ कोण देणार?” पण मग बांधावर उभी राहिली, पदर खोचला आणि तुझं नाव असं घेतलं की बगळे उठले. शेतीला दिवसाची लाईट मिळाली होती, उसाचं भिजवणं चालू होतं. तरी तुझ्या लग्नापासून तुझं नावही न काढणाऱ्या आपल्या तात्यांनी कुणी न सांगता मोटर बंद केली. रेकॉर्डिंग संपल्यावरही बराच वेळ ते ती चालू करायला गेले नाहीत.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा फाईल उतरलीच नाही. स्क्रीनभर चौकोन आणि भलतीच चिन्हं सांडली. आई वाकून बघत म्हणाली, “ह्यो माझा आवाज व्हय? वारूळ फुटल्यावानी दिसतंय!” मी हसून हसून दमले. चूक माझीच होती. फाईल पाठवण्याआधी स्क्रिप्टनं समोरच्याला सांगावं लागतं की येतंय ते काय आहे, उघडू नको, जपून ठेव. ते लिहायलाच मी विसरले होते. दोन ओळी घातल्या आणि हाका नीट उतरल्या.

ताई, या पत्रातही मी तेच केलंय. येतंय ते काय आहे, ते आधी सांगितलंच नाही.

थंडीचं खोटं लिहिलं. आईच्या घशात गाठ आहे. संक्रांतीनंतर पुण्यात ऑपरेशन आहे. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणतात, पण स्वरयंत्र काढावं लागणार. तिला सगळं माहीत आहे. बांधावर उभी राहून ती माझं नाव एकदाच घेऊन थांबली. तुझं घेत राहिली.

तू येच, असा हट्ट मी करत नाही. तात्याही तोंडानं म्हणणार नाहीत. त्यांनी मोटर बंद केली, एवढं मात्र लक्षात ठेव.

पानाचा पत्ता मागच्या बाजूला आहे. पासवर्ड लिहीत नाही. आई तुला ज्या लाडक्या नावानं हाक मारते, तेच. तू फाईल उतरवलीस की मला इथं दिसेल. पत्र अजून टाकायचंय, तरी संध्याकाळी घरी आले की आई नुसती माझ्याकडे बघते आणि मी ‘अजून नाही’ अशी मान हलवते. तिला पुण्याला नेण्याआधी मला एकदा तरी सांगायचंय, “आई, ताईनं ओ दिली.”

बांधावर तिच्याशेजारी उभी असलेली,
तुझी वृषाली